नकाशाही आपला, ठेकाही आपला

सोलापुरात होटगी रोडने किंवा विजापूर रोडने जुळे सोलापूरकडे निघाले, की बांधकामाभोवतीच्या पत्र्यांवर एक पाटी पुन्हापुन्हा दिसते : ‘आर्किटेक्ट्स अँड बिल्डर्स’. खाली एकच आडनाव असते. वडिलांनी ठेकेदारी उभी केलेली असते. मुलगा किंवा मुलगी पाच वर्षे आर्किटेक्चर शिकून आलेली असते आणि दोघांचे काम एका पाटीवर येते. आपल्याला त्यात वावगे काही वाटत नाही. पण जगाच्या बऱ्याच भागात हे दोन शब्द एका पाटीवर लिहायला कित्येक दशके बंदी होती. अमेरिकेतल्या आर्किटेक्टांच्या संस्थेने १९०९मध्ये आपल्या सभासदांना ठेकेदारीपासून दूर राहायला सांगितले आणि तो नियम १९७०च्या दशकाच्या अखेरीस कुठे सैल केला. लंडनच्या संस्थेनेही साधारण त्याच सुमारास हात ढिला सोडला. फ्रान्समध्ये तर ही रेघ १८९५मध्येच आखली गेली होती.

ती बंदी कशासाठी होती हे समजल्याशिवाय घरच्या बांधकाम कंपनीत बसलेल्या आर्किटेक्टचे काम समजत नाही.

बांधकामात जुन्या रिवाजाप्रमाणे तीन माणसे असतात. घर ज्याचे तो मालक, नकाशा काढणारा आर्किटेक्ट आणि बांधणारा ठेकेदार. ठेकेदार बिल लावतो, आर्किटेक्ट ते मोजून पास करतो आणि मग मालक पैसे देतो. मालकाला सळईतले काही कळत नसते, म्हणून त्याचे डोळे म्हणून आर्किटेक्ट साइटवर उभा असतो. आता एक हिशोब बघा. साइटवरचा कुठलाही फिटर सळईचे वजन तोंडी सांगतो : मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग घ्यायचा आणि १६२ने भागायचे, म्हणजे एका मीटरचे किलो निघतात. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ८८९ ग्रॅम भरते, १० मिलिमीटरची ६१७. नकाशात १२ची असताना १०ची बांधली, तर मीटरमागे पाव किलोहून जास्त लोखंड वाचले, म्हणजे जवळजवळ ३० टक्के. काँक्रीट पडल्यावर आत काय आहे ते कुणाला दिसत नाही. स्लॅब टाकायच्या आदल्या संध्याकाळी सेंट्रिंगवर चढून सळया मोजणारा माणूस कुणाचा, यावर त्या घराचे पुढचे पन्नास वर्षांचे आयुष्य ठरते. तो मोजणारा आणि वाचलेले पैसे ज्याच्या खिशात जाणार तो, असे दोघे एकाच घरचे असतील तर मालकाच्या बाजूने तिथे कुणीच उभे नसते. बंदीचे सगळे कारण एवढेच होते, आणि ते खोटे नव्हते.

तरीही बंदी झुगारून या दोन कामांची सांगड घालणारा एक माणूस विसाव्या शतकातला थोर आर्किटेक्ट ठरला. त्याची गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. घरच्या कंपनीत परत येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने ती वाचावी असे मला वाटते.

ओग्युस्त पेरे. जन्म १८७४. वडील दगडकाम करणारे, पुढे पॅरिसमध्ये इमारतींचे ठेके घेणारे. ओग्युस्त आणि त्याचा धाकटा भाऊ ग्युस्ताव हे पॅरिसच्या सर्वात मानाच्या कलाशाळेत आर्किटेक्चर शिकले. त्यांचे गुरू ज्युलिअँ गादे. गंमत अशी की, आर्किटेक्टने ठेकेदारी करू नये असे सांगणारी १८९५ची ती आचारसंहिता याच गादेंच्या हातची. पदविका घेतली असती तर वडिलांची कंपनी सोडावी लागली असती. पेरेने कंपनी ठेवली आणि पदविका सोडली. शाळेतला हुशार मुलगा कागदावरचा किताब न घेता घरी आला.

१९०३-०४मध्ये या कुटुंबाने पॅरिसच्या रू फ्रँक्लँवर एक इमारत स्वतःच्या पैशाने उभी केली. राहत्या इमारतीत काँक्रीटचा सांगाडा बाहेरून दिसू देणारी ती पहिल्या काही इमारतींपैकी एक. भिंतींवर भार नाही, भार खांब-तुळयांवर. आज आपल्याकडे प्रत्येक गल्लीत हेच चालते, तेव्हा ते नवे होते. तळमजल्यावर कंपनीची कचेरी आणि वरच्या मजल्यावर पेरे कुटुंबाचे बिऱ्हाड. आपण काढलेल्या नकाशात, आपण ओतलेल्या काँक्रीटखाली आपणच झोपायचे. १९०५मध्ये वडील गेले आणि कंपनी ‘पेरे बंधू’ झाली. आराखडा ओग्युस्त बघे, तांत्रिक बाजूला ग्युस्ताव आणि ठेक्याचा व्यवहार तिसरा भाऊ क्लोद. भावांमधली ही वाटणी नीट लक्षात ठेवावी, पुढे तिच्याकडे परत यायचे आहे.

घरचीच कंपनी असल्याचा फायदा १९२२-२३च्या ल रँसीच्या चर्चमध्ये सर्वात स्पष्ट दिसतो. पहिल्या महायुद्धानंतर गावाकडे पैसे थोडे होते. पेरेने उंच, सडपातळ गोल खांब आणि चारही बाजूंना काँक्रीटच्या जाळीत बसवलेल्या रंगीत काचा असा आराखडा केला. जाळीचे तुकडे मोजक्या साच्यांतून पुन्हापुन्हा ओतून घेतले. साचा लाकडाचा असतो आणि काँक्रीटच्या कामात लाकूड-सुतारीचा खर्च मोठा असतो. एक साचा किती वेळा वापरता येतो हे ज्याला घरच्या हिशोबाच्या वहीतून माहीत आहे, त्यालाच असा आराखडा सुचतो. चर्च वर्षभराच्या आसपास उभे राहिले आणि त्यावर गिलावा नाही, रंग नाही, काँक्रीट जसे ओतले तसेच. दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झालेले ल हाव्र हे बंदर पेरेच्या देखरेखीखाली सव्वासहा मीटरच्या एकाच मापावर, नेमके सांगायचे तर ६.२४ मीटरवर, पुन्हा बांधले गेले. युनेस्कोने २००५मध्ये त्या शहराला जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

याच माणसाच्या आयुष्यात बंदी का होती हे सांगणारा प्रसंगही आहे, आणि तो लपवणे बरोबर नाही. पॅरिसच्या शाँझेलिझे नाट्यगृहाचे काम बेल्जियन आर्किटेक्ट आंरी व्हान द वेल्डे यांच्याकडे होते. पेरे बंधू तिथे काँक्रीटचे ठेकेदार म्हणून आले. ‘हा आराखडा असा उभा राहणार नाही, आम्ही दुसरा देतो’ या वाटेने त्यांनी हळूहळू सगळा आराखडाच हाती घेतला. १९११मध्ये व्हान द वेल्डे बाहेर पडले. १९१३मध्ये नाट्यगृह उघडले आणि आज ते पेरेच्या नावावर ओळखले जाते. इमारत सुंदर आहे. पण ठेकेदाराच्या हाती पेन्सिल आली की तो किती पुढे जाऊ शकतो, हेही तिथे दिसते.

आता परत सोलापूरला येऊ. आपल्या मातीत नकाशा काढणारा आणि बांधणारा असे दोन वेगळे धंदे मुळात नव्हतेच. पाथरवट, सुतार, गवंडी यांच्यातलाच जाणता माणूस वाड्याचे खण मोजायचा, तुळयांचे लाकूड निवडायचा आणि कामही करवून घ्यायचा. ‘मिस्त्री’ या एका शब्दात दोन्ही होते. दगड फोडणारे वडार, माती वाहणारे बेलदार यांची त्या कामात आपापली जागा होती. वेगळा आर्किटेक्ट आला तो इंग्रजांबरोबर. मुंबईच्या सर जे. जे. स्कूलमधून आपले लोक शिकू लागले. तिथल्या विद्यार्थ्यांनी १९१७मध्ये सुरू केलेली संघटनाच पुढे १९२९मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली. मुंबईचे ताजमहाल हॉटेल डिसेंबर १९०३मध्ये उघडले. त्याचे आर्किटेक्ट सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा, बांधणारे खानसाहेब सोराबजी रतनजी. म्हणजे तोवर नकाशा आणि ठेका यांची पाने वेगळी झाली होती.

आणि नेमक्या त्याच सुमाराला, १९०३च्या आसपास, सोलापूरचा एक विशीतला तरुण ठेकेदारीत उतरत होता. वालचंद हिराचंद दोशी. जन्म सोलापूरचा, २३ नोव्हेंबर १८८२. घर गुजरातेतून येऊन सोलापुरात स्थिरावलेल्या दिगंबर जैन व्यापाऱ्यांचे, पेढी कापूस आणि सावकारीची. मुंबईत सेंट झेवियर्स आणि पुण्यात डेक्कन कॉलेज असे शिक्षण झाले, पण पदवी अर्ध्यावर राहिली. घरच्या व्यापारात त्यांचे मन रमले नाही, ज्वारीच्या सौद्यात खोटही आली. तेव्हा त्यांना लक्ष्मणराव बळवंत फाटक भेटले. फाटक रेल्वेत कारकून होते आणि ठेकेदारीत पडू पाहत होते. कामाची माहिती होती, भांडवल नव्हते. वालचंदांकडे घराण्याची पत होती, कामाची माहिती नव्हती. बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी रुळांवरचा येडशी-तडवळे हा तुकडा त्यांनी घेतला. ‘फाटक-वालचंद’ या भागीदारीची ही सुरुवात.

वालचंद आर्किटेक्ट नव्हते, इंजिनिअरही नव्हते. तरी सोलापुरातल्या कुठल्याही बांधकाम कंपनीच्या वारसाला त्यांच्यापासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. त्यांनी घराण्याचा पैसा आणि जाणकाराची बुद्धी यांची भागीदारी कागदावर केली. जाणकाराला पगारी कारकून करून ठेवले नाही, पाटीवर त्याचे नाव आपल्या आधी लिहिले. पुढे १९२०मध्ये ही पेढी टाटांबरोबर टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीत गेली. १९२६मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली. भोर घाटातले रेल्वेचे बोगदे हे या काळातले गाजलेले काम. वालचंदांच्या मागे धंदे गुलाबचंद, रतनचंद, लालचंद या भावांच्या शाखांतून चालले. हिंदुस्थान कन्स्ट्रक्शनची धुरा गुलाबचंदांचे पुत्र अजित गुलाबचंद यांच्याकडे आली. कोयना धरण याच कंपनीने बांधले. २००९मध्ये सुरू झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतूही तिनेच बांधला. मात्र त्या सेतूचा आराखडा दुसऱ्यांचा होता. एवढ्या मोठ्या कामावर नकाशा एकाचा, बांधणी दुसऱ्याची आणि तपासणी तिसऱ्याची, हीच रीत असते.

मग चार मजली अपार्टमेंट बांधणाऱ्या सोलापूरच्या कंपनीत काय व्हावे?

आधी कायदा बघू. आपल्याकडे आर्किटेक्ट्स ॲक्ट १९७२चा आहे. पाच वर्षांचा पदवी अभ्यासक्रम, त्यातच एका सत्राचे प्रत्यक्ष काम, आणि मग कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी. नोंदणीचा क्रमांक मिळाल्याशिवाय स्वतःला ‘आर्किटेक्ट’ म्हणवता येत नाही. कायद्याचे कलम ३७ राखते ते हे नाव. काम मात्र राखीव नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ मार्च २०२०च्या निकालात हे स्पष्ट केले : आराखडा दुसरा कुणी काढू शकेल, पण त्याने ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घ्यायचे नाही. कौन्सिलचे १९८९चे आचारनियम सांगतात की आर्किटेक्टने काम मिळवण्यासाठी दलाली द्यायची-घ्यायची नाही, आणि बांधकामाचा करार राबवताना निःपक्ष राहायचे. दुसरा नियम घरच्या कंपनीत बसलेल्याने रोज वाचावा. करार राबवताना एका बाजूला ग्राहक आणि दुसऱ्या बाजूला स्वतःचे वडील. निःपक्षपाताची याहून अवघड जागा मला सुचत नाही.

या नोकरीची, खरे तर वारशाची, पहिली तीन-चार वर्षे कॉलेजमध्ये शिकलेले विसरण्यात जात नाहीत, जोडण्यात जातात. कॉलेजात सुंदर आराखडा करायला शिकवतात. घरी आल्यावर कळते की नकाशे दोन प्रकारचे असतात. एक महापालिकेत परवान्यासाठी द्यायचा सबमिशनचा. त्यात समास, चटईक्षेत्र, पार्किंग बघतात. महाराष्ट्रात २०२०च्या डिसेंबरपासून मुंबई आणि काही भाग सोडून बहुतेक राज्याला एकच एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, त्यामुळे हे काम पूर्वीइतके गावागणिक वेगळे राहिले नाही. दुसरा वर्किंग ड्रॉइंगचा, साइटवर गवंड्याच्या हातात द्यायचा. खिडकीची चौकट भिंतीच्या कोणत्या बाजूला, संडासाचा स्लॅब किती इंच खाली, पायरीची टाच किती. छोट्या ठेकेदारीत हा दुसरा नकाशा बहुधा नसतोच. मालक तोंडी सांगतात, मुकादम खडूने भिंतीवर रेघ मारतो आणि काम चालते. घरी परतलेल्या आर्किटेक्टचा कंपनीला पहिला खरा उपयोग इथे होतो. तोंडी चाललेले काम त्याने कागदावर आणले, की पाडापाडी थांबते. बांधून पाडलेली एक भिंत म्हणजे विटा, सिमेंट, दोन वेळची मजुरी आणि डबर उचलायचे भाडे.

वडिलांकडून घ्यायची गोष्टही तेवढीच मोठी आहे. सोलापूरची जमीन. वर काळी माती, कुठे दोन फूट, कुठे माणूसभर. खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तिला पडलेल्या भेगांत हात जातो. पाया त्या मातीत ठेवला तर दोन-तीन पावसाळ्यांत भिंतींना तिरक्या चिरा जातात. म्हणून ती काढून मुरमापर्यंत जायचे, आणि जोत्यात भर घालतानाही काळी माती न वापरता मुरूमच धुमसून भरायचा. माती फार खोल असली तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच जमिनींसाठी विकसित केलेले, तळाशी फुगीर असलेले काँक्रीटचे खांब जमिनीत उतरवतात. हे पुस्तकात आहे. पण कोणत्या पेठेत, कोणत्या नगरात मुरूम किती खोल लागतो हे चाळीस वर्षे खड्डे घेतलेल्या माणसाच्या डोक्यात असते. ते ज्ञान वहीत उतरवून घेणे हे मुलाचे पहिल्या वर्षाचे काम. वडील गेल्यावर ते कुठेही सापडत नाही.

दुसरी गोष्ट पाणी आणि ऊन. काँक्रीट वाळून घट्ट होते असा पुष्कळांचा समज आहे. ते वाळून घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया चालू राहिली तरच त्याला ताकद येते, म्हणून त्यावर पाणी मारत राहायचे. भारतीय मानक ४५६, २०००ची आवृत्ती, साध्या सिमेंटला किमान ७ दिवस ओलावा मागते, कोरड्या आणि कडक उन्हाच्या हवेत किमान १० दिवस, आणि राख वगैरे मिसळलेले सिमेंट असेल तर अशा हवेत १४ दिवसांपर्यंत जावे असे सुचवते. आज बाजारातले बरेचसे सिमेंट मिसळलेलेच असते. सोलापूरचा मे महिना ४२-४३ अंशांचा, नळाला पाणी काही दिवसांआड, उजनी धरणावर भिस्त, आणि साइटवर टँकर. पाणी महाग झाले की पहिली काटछाट क्युअरिंगमध्ये होते. ती दिसत नाही. स्लॅबवर ज्वारीच्या ताटांचा किंवा मातीचा बांध घालून पाणी तुंबवून ठेवले आहे की संध्याकाळी एकदा पाइपने शिंपडले आहे, एवढे बघितले तरी त्या कंपनीची नियत कळते. टेकूंचेही तसेच. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस काढायचे नाहीत, असे तेच मानक सांगते. सेंट्रिंगच्या प्लेटा पुढच्या साइटवर हव्या असतात, मालकाचा फोन येतो. त्या फोनला ‘अजून चार दिवस’ असे उत्तर देणारी व्यक्ती मालकाची मुलगीच असेल, तर ते उत्तर टिकते. पगारी इंजिनिअरचे टिकेलच असे नाही.

घरच्या आर्किटेक्टची बाजू मी इथे मनापासून घेतो. नोकरीवरचा माणूस ‘नको’ म्हणाला तर त्याला नोकरी बदलावी लागते. घरचा म्हणाला तर त्या रात्री जेवताना कुणी बोलत नाही, एवढेच.

या भागात ‘नको’ म्हणण्याला किती किंमत आहे, ते आपण एकदा बघितले आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, चार वाजायच्या सुमाराला, जवळच्या लातूर जिल्ह्यात किल्लारीजवळ भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत मिळून जवळजवळ १०,००० माणसे गेली. भूकंप ६.२ तीव्रतेचा, जगाच्या मानाने मध्यम. माणसे मेली ती घरांखाली. दगड-मातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती, त्यांच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना जोडणारे आडवे दगड नाहीत, आणि वर माळवदाची जड पांढरी माती. थंडाव्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या दरवर्षी थोडी-थोडी चढवलेली. उन्हाळ्यात ते माळवद खरोखर गार असे. हलल्यावर तेच अंगावर आले. मिस्त्रीच्या परंपरेत बांधणारा आणि ठरवणारा एकच होता, पण तिसरे कुणी तपासणारे नव्हते. सोलापुरात तेव्हा भिंती हलल्या, भांडी पडली, लोक रस्त्यावर आले. आजच्या इमारती काँक्रीटच्या आहेत म्हणून निश्चिंत राहायचे कारण नाही. तळमजला पार्किंगसाठी उघडा, नुसत्या खांबांवर, आणि वरचे मजले भिंतींनी भरलेले, ही आपल्याकडची नेहमीची रचना भूकंपात पहिल्यांदा तळाशी मोडते. खांबातल्या रिंगा जोडाजवळ दाट बांधल्या आहेत का आणि त्यांची टोके आत वळवली आहेत का, हे सळई झाकायच्या आधीच बघायचे असते.

आता या धंद्यातली सर्वात नाजूक जागा. २०१६चा रेरा कायदा महाराष्ट्रात १ मे २०१७पासून पूर्णपणे लागू झाला. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन आणि आठांहून जास्त सदनिका असतील तर प्रकल्पाची नोंदणी केल्याशिवाय विक्री करता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे. ते त्याच प्रकल्पाची जमीन आणि बांधकाम यांवरच खर्च करायचे, आणि काम जेवढे झाले त्या प्रमाणातच काढायचे. काम किती झाले याचा दाखला तिघे देतात : आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सनदी लेखापाल. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरने पदरच्या पैशाने दुरुस्त करायचा. इमारतीच्या मंजूर आराखड्यात मोठा बदल करायचा तर दोन-तृतीयांश ग्राहकांची लेखी संमती घ्यायची.

आर्किटेक्टच्या दाखल्यावर खात्यातून पैसे निघतात. कंपनी घरची, आर्किटेक्ट घरचा, दाखलाही घरचा. तिसरा स्लॅब पडला आहे की पडणार आहे, यावर लाखो रुपयांची सही. बाजारात पैसे अडकलेले, सिमेंटवाल्याचे बिल थकलेले, शनिवारी मजुरांचा पगार. अशा वेळी सही थोडी पुढे सरकते. मग पुढच्या इमारतीचे पैसे मागच्या इमारतीत, असे चक्र सुरू होते. मोठमोठ्या बांधकाम कंपन्या नेमक्या याच चक्रात बुडालेल्या आपण वर्तमानपत्रांत वाचल्या आहेत. माझे मत स्पष्ट आहे : घरच्या आर्किटेक्टने आराखडा काढावा, साइट चालवावी, पण रेराच्या दाखल्यावर सही बाहेरच्या आर्किटेक्टची घ्यावी. स्ट्रक्चरचा हिशोबही बाहेरच्याकडूनच तपासून घ्यावा. फी जाते, हे खरे. पण पेरे बंधूंनीही कामे वाटून घेतली होती. आराखडा ओग्युस्तचा, ठेक्याचा व्यवहार क्लोदचा. कुटुंब एक, टेबले तीन.

टेबले वेगळी करण्यात कुटुंबाचेही भले असते. आपल्याकडे कंपनी म्हणजे वडिलांच्या नावची प्रोप्रायटरी, त्यात काकांचा तोंडी वाटा, जमीन आजीच्या नावावर आणि यंत्रे भावाच्या. पहिल्या पिढीत हे चालते. दुसऱ्या पिढीत मुलाने आराखडा केला, त्याच्या फीचे काय, हा प्रश्न कुणी विचारत नाही. तो ‘घरचा’ असतो. दहा वर्षांनी वाटणीच्या वेळी मात्र तोच प्रश्न सर्वात आधी येतो. आर्किटेक्टची फी कंपनीच्या वहीत वेगळी दाखवावी, ती खरोखर द्यावी, कामाची मोजणी मेजरमेंट बुकात लिहावी, कंपनी भागीदारी असो की प्रायव्हेट लिमिटेड, तिचा करार लिहिलेला असावा. वालचंद-फाटकांच्या पाटीवर दोन नावे होती कारण आत दोन वाटे होते.

आणि मुलींबद्दल एक सांगायचेच. मुंबईच्या पेरिन मिस्त्री १९३६मध्ये सर जे. जे.मधून आर्किटेक्चरचे शिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. असे करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री मानल्या जातात. त्या वडिलांच्याच आर्किटेक्ट फर्ममध्ये दाखल झाल्या आणि आयुष्यभर तिथे काम केले. त्या गोष्टीला नव्वद वर्षे होत आली. सोलापूरच्या साइटवर आजही शिकलेली मुलगी बहुधा कचेरीत संगणकावर बसवली जाते आणि साइट भावाकडे जाते. साइटवर मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी हिंदी अशा चार भाषा चालतात. मुकादमाला तिने दोन शब्द कन्नडमध्ये विचारले आणि ओळंबा हातात धरून भिंत तपासली, की महिन्याभरात तो ‘ताई, हे बघा जरा’ म्हणून स्वतः हाक मारतो. तिला तेवढा महिना मिळाला पाहिजे.

सोलापुरात पुढची वीस वर्षे बांधकाम थांबणार नाही. कुंभारीला विडी कामगार स्त्रियांसाठी १०,००० घरे उभी राहिली, नंतर तिथेच असंघटित कामगारांसाठी रे नगरची ३०,००० घरांची योजना आली आणि १९ जानेवारी २०२४ला तिच्यातल्या १५,००० घरांचे लोकार्पण झाले. तेवढे मोठे काम घरच्या कंपनीच्या आवाक्यातले नसते. पण शहरातले उरलेले बहुतेक सगळे, म्हणजे दहा-बारा सदनिकांच्या इमारती, बंगले, दवाखाने, मंगल कार्यालये, याच कंपन्या बांधतात आणि बांधणार. तिथे आराखडा आणि ठेका एका घरात असणे हे आता बदलणार नाही.

म्हणून घर घेणाऱ्यांना एक विनंती. बुकिंगची रक्कम देण्याआधी महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका. तिथे आर्किटेक्टचे आणि इंजिनिअरचे नाव दिसते. ते नाव आणि बिल्डरचे आडनाव एकच असेल तर घाबरू नका, पण कचेरीत जाऊन दोन प्रश्न विचारा : काम किती झाले याच्या दाखल्यावर सही कुणाची असते, आणि स्लॅब ओतायच्या आधी सळई बाहेरच्या कुणी मोजली. ज्या कंपनीत आर्किटेक्ट स्वतः उठून मेजरमेंट बुक तुमच्यापुढे उघडेल, तिथे घर घ्या.